भिकूच्या पिकअपचा दुसरा टर्बो

दत्ताराम,

खेडच्या नाक्यावर, तुझ्या गॅरेजसमोर, तुझ्या पुतण्याने एक फलक उभा केला आहे. दहा फूट रुंद, सहा फूट उंच, आणि मधोमध तू. छायाचित्र कोणाच्या तरी लग्नातले असावे, कारण त्यात तू फेटा बांधला आहेस आणि हसतोही आहेस. हे दोन्ही अपराध तू एकाच दिवशी केले असशील यावर माझा विश्वास बसत नाही. खाली मोठ्या अक्षरांत एकच शब्द आहे: ‘अजातशत्रू’. रस्त्याच्या पलीकडे उभा राहून मी तो दोनदा वाचला. या एका तालुक्यात तुला निदान सात शत्रू होते. ते मी नावानिशी सांगू शकतो आणि त्यांतले चार तू माझ्यादेखत केलेस. ज्याला शत्रूच नाही त्याने जन्मात कोणाला खरे सांगितलेले नसते. तुझा एवढा अपमान तुझ्या शत्रूंनीही केला नव्हता.

पण फलक हा कापडाचा असतो. चार पावसांत फाटतो. शोकसभेत जे बोलले गेले ते फाटणार नाही, ते लोकांच्या तोंडी राहील, आणि म्हणून मी हे लिहायला बसलो आहे.

सभा तुझ्या तेराव्यानंतरच्या रविवारी झाली. खुर्च्या भाड्याच्या, ध्वनिवर्धक भाड्याचा, आणि बहुतेकांच्या आठवणीही कुठून तरी भाड्यानेच आणलेल्या. पहिला वक्ता म्हणाला की दत्ताराम मिस्त्री नुसत्या आवाजावरून इंजिनाचा आजार ओळखायचे. सभा माना डोलवू लागली. दुसऱ्याने तेच सांगितले, तिसऱ्याने त्यात भर घातली की तुला म्हणे गाडी वळणावर असतानाच कळायचे. दत्ताराम, तुझा उजवा कान पंचवीस वर्षांपूर्वी गेला. डावा अर्धाच उरला होता. तू इंजिनाला कान कधी लावलाच नाहीस. तू बोटे लावायचास. चालत्या इंजिनावर तीन बोटे टेकवून, डोळे मिटून, नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखा तू उभा राहायचास, आणि मागून कोणी काही बोलले तर तुला ते ऐकूच यायचे नाही. ज्यांनी तुझ्याकडे वीस-वीस वर्षे गाड्या आणल्या त्यांनी एवढेही पाहिले नव्हते. ही माणसे तुझ्यावर प्रेम करत होती, असे ती म्हणतात.

मग तुझा पुतण्या प्रशांत उठला. त्याने डोळे पुसले, आणि ज्या गोष्टीसाठी मी ही लेखणी उचलली ती गोष्ट सांगितली.

“काकांचा हात शेवटी शेवटी थरथरायला लागला होता,” तो म्हणाला. “दाभोळच्या भिकूशेठच्या पिकअपचा टर्बो त्यांनी बदलला, तो आठ दिवसांत गेला. चूक त्यांची होती. पण त्यांनी ती लपवली नाही, चारचौघांत कबूल केली. असा मोठा माणूस!” आणि लगेच, त्याच दमात, त्याने सांगितले की आता गॅरेजमध्ये दोष शोधणारे नवे यंत्र आले आहे आणि अशा चुका यापुढे होणार नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! तुझ्या चितेच्या निखाऱ्यावर याने आपल्या दुकानाची जाहिरात भाजून घेतली आणि मंडळींनी ती गोड मानून खाल्ली.

तुझा हात थरथरत नव्हता. मरणाच्या आदल्या आठवड्यात तू माझ्या चष्म्याच्या काडीचा स्क्रू बसवून दिलास, जो मला दिसतही नव्हता. तेव्हा त्या टर्बोचे खरे काय झाले, ते मी येथे क्रमाने मांडतो. त्या वेळी तेथे तिघेच होतो: तू, मी आणि भिकू तांडेल. वाचकांना माझा अधिकार कळावा म्हणून सांगतो, की तंत्रशाळेत तीस वर्षे मी डिझेल मेकॅनिकचा वर्ग शिकवला. मंडणगडपासून खाली संगमेश्वरपर्यंत ज्या गॅरेजात जावे तेथे माझा एखादा विद्यार्थी पान्हा हातात घेऊन उभा असतो. निवृत्तीनंतर रोज सकाळी दहा वाजता मी तुझ्या गॅरेजातल्या लोखंडी खुर्चीवर येऊन बसत असे आणि तू जे करशील ते चूक कसे आहे ते सांगत असे. तू मला मास्तर म्हणायचास. शाळेत एका बाकावर बसलेल्या माणसाला मास्तर म्हणण्यात आदर किती आणि कुचेष्टा किती, हे मला कधी कळले नाही.

शिमग्याच्या आधीचे दिवस होते. भिकूची पिकअप धाप टाकत आली. बर्फात घातलेली मासळी दाभोळहून भरायची, घाट चढायचा आणि मुंबईला ओतून परत यायचे, हा तिचा धंदा. मागून निळा धूर, चढावर जोर नाही, आणि पुढून शिटी वाजल्यासारखा आवाज, जो अर्थात तुला सोडून सगळ्यांना ऐकू येत होता. तू हवेचा पाइप काढलास, टर्बोच्या तोंडात बोट घातलेस आणि आतले पाते हलवून पाहिलेस. पात्याचा दांडा जागच्या जागी खुळखुळत होता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर ते पाते मिनिटाला लाखभर वेळा फिरते आणि इंजिनात जादा हवा कोंबते. त्या दांड्याला आधार काय तो तेलाच्या पातळ थराचा. तेल थांबले की दांडा गेला.

“भिकू, तू घाटमाथ्यावर गाडी बंद करतोस,” तू म्हणालास. विचारले नाहीस, सांगितलेस.

“देवापाशी? करतो ना. बोगदा झाला तरी मी जुन्याच रस्त्याने जातो. देवाला टाळून जायचं काय?”

“जा की. हात जोड, नारळ फोड. पण इंजिन चालू ठेव मेल्या! घाट चढून तो शंख आत लाल झालेला असतो. तू चावी फिरवलीस की तेल थांबतं, आणि आहे ते तिथंच जळून कोळसा होतं. त्याला जरा दम घेऊ दे.”

“देवासमोर घुर्रर्र करत उभा राहू?”

“देव काय बहिरा होणार आहे? बहिरा मी आहे.”

टर्बोला तू शंख म्हणायचास, कारण त्याचे कवच तसे दिसते. मी तुला कितीदा सांगितले, की वस्तूला तिचे नाव असते. भिकूला तू शेवटी एक उपाय सांगितलास: गाडी थांबली की सीटवर बसल्या बसल्या एक आरती पूर्ण म्हणायची, आणि मग चावी फिरवायची. मी म्हणालो, दोन मिनिटे असे स्वच्छ सांग, आरती हे कालमापन नव्हे. तू म्हणालास, “मास्तर, दोन मिनिटं सांगितली तर हा वीस सेकंद थांबेल. आरती अर्ध्यावर सोडायला भितो तो.” भिकूने मान हलवली. मला तेव्हा संताप आला होता. आज सांगतो, त्या वादात तू बरोबर होतास. भिकू तेव्हापासून आरती म्हणतो. पण हा मुद्दा मी तुला कधी दिला नाही.

नवा टर्बो आला. तू काम कसे केलेस ते मी प्रत्यक्ष पाहिले आहे, आणि ज्यांना तुझा हात थरथरताना दिसला त्यांनी हे वाचावे. गंजलेल्या नटांना तू आदल्या दिवशी तेल पाजून ठेवले होतेस. एकही स्टड तुटला नाही. जुने इंजिन ऑइल काढून टाकलेस, नवे भरलेस, फिल्टर बदललास. हवेच्या पाइपांत साचलेले तेल डिझेलने धुऊन काढलेस. तेलाची बारीक नळी, जी टर्बोला तेल पुरवते, ती तू फुंकून, तार घालून, पुन्हा फुंकून, उजेडाकडे धरून पाहिलीस. नवा टर्बो बसवलास, त्याच्या तेलाच्या छिद्रात बुधलीने ताजे तेल ओतलेस आणि बोटाने पाते हळूहळू फिरवत राहिलास, तान्ह्या मुलाला घोटघोट पाणी पाजावे तसा. कोरड्या दांड्यावर इंजिन सुरू करू नये, हे माझ्या पुस्तकातही आहे. पण पुस्तकात ते एका ओळीत आहे आणि तू त्याला पाव तास दिलास.

राहिला होता एक सांधा. तेलाच्या नळीचे तोंड टर्बोवर दोन बोल्टांनी बसते, मध्ये कागदासारखे पातळ गॅस्केट. त्याच्या मधोमध मिरीच्या दाण्याएवढे छिद्र. त्याच वेळी तुझा फोन वाजला, वहिनींचा. आत हवेचा कॉम्प्रेसर चालू होता, तुला काही ऐकू येईना, म्हणून तू रस्त्यावर जायला निघालास. जाता जाता मला म्हणालास:

“मास्तर, तेवढे दोन बोल्ट आवळ. गॅस्केट सुकं बसव हां.”

“सुकं काय, मटण?” भिकू म्हणाला, आणि स्वतःच हसला.

सुकं. दत्ताराम, याच एका शब्दावर आपण चाळीस वर्षे भांडत आलो होतो. मी माझ्या वर्गाला पहिल्याच आठवड्यात शिकवायचो, की सांधा कोरडा ठेवू नये; दोन धातूंच्या मध्ये गॅस्केट असले तरी त्याला पेस्टचा पातळ हात द्यावा, म्हणजे गळती होत नाही. तू म्हणायचास, “मोठ्या सांध्याला दे, पाहिजे तेवढी दे. पण जिथं तेलाचं भोक बारीक, तिथं सुकं. पेस्ट आवळली की आत सरकते.” मी म्हणायचो, प्रमाणात लावली तर सरकत नाही. तू म्हणायचास, “तुझं प्रमाण वर्गात, माझं भोक इंजिनात.” त्यावर भिंतीवरचे पंखेसुद्धा हसायचे असे मला वाटे.

तू रस्त्यावर होतास. माझ्या हातात गॅस्केट होते. बाकावर निळ्या पेस्टची नळी होती.

मी लावली.

पातळ लावली, प्रमाणात लावली, तीस वर्षे शिकवली तशी लावली. करंगळीने फिरवून दोन्ही बाजूंना सारखी केली. तुला दाखवून द्यायचे होते असे नाही. तुला दाखवायचे असते तर तू येईपर्यंत थांबलो असतो. मला फक्त इतकेच हवे होते, की गाडी वर्षानुवर्षे चालावी आणि मग एखाद्या दिवशी, तुझ्याच गॅरेजात, लोकांसमोर मी सांगावे: त्या सांध्याला पेस्ट आहे. म्हणजे मी तुझ्या कामात माझ्या विजयाचा पुरावा पुरून ठेवत होतो. हे आता कागदावर लिहिताना मला त्या माणसाची, म्हणजे माझी, किळस येते.

तू परत आलास. डिझेलची वायर काढून, इंजिन सुरू न होऊ देता, तू स्टार्टर मारून तेल फिरवलेस आणि टर्बोच्या खालच्या तोंडाशी वाकून पाहिलेस. तेल आले.

“मास्तर, धार जरा बारीक वाटते.”

“तेल थंड आहे,” मी म्हणालो. “इंजिन तापले की सुधारेल.”

तू माझ्याकडे पाहिलेस आणि मान हलवलीस. “असेल.” जन्मात पहिल्यांदा तू माझा मुद्दा वादाशिवाय मान्य केलास, दत्ताराम. नेमका तो. दुसऱ्या कोणी सांगितले असते तर तू सांधा पुन्हा उघडला असतास.

आठव्या दिवशी, मासळी भरलेली असताना, पिकअप घाटाच्या मध्यात थांबली. बर्फ वितळला, माल गेला. भिकू दोरी लावून गाडी गॅरेजात घेऊन आला. तू पहिल्यांदा त्याच सांध्याला हात घातलास. इतर काही पाहिलेच नाहीस. दोन बोल्ट काढलेस. गॅस्केटच्या छिद्रात, जिथून तेल जायचे, निळ्या रबरासारखी एक जीभ आत वाकून बसली होती. अर्धे भोक तिने बंद केले होते. तू ती नखाने उचललीस, चिमटीत धरून पाहिलीस आणि कचऱ्याच्या पिंपात टाकलीस. माझ्याकडे पाहिले नाहीस. मी त्या लोखंडी खुर्चीवर बसलो होतो, आणि तू पाहिले नाहीस हे मला दिसत होते.

“भिकू,” तू म्हणालास, “चूक माझी. दुसरा टर्बो मी घालून देतो.”

आणि दिलास, तुझ्या पदरचा. तो आजतागायत चालतो आहे. गॅस्केट सुके आहे.

मी त्या दिवशी काय बोललो ते मला आठवते. मी म्हणालो, “हल्लीची गॅस्केटेच हलकी येतात.” तू फडक्याला हात पुसत राहिलास. मग घरी जाताना मी स्वतःला समजावले, की उद्या सांगेन. दुसऱ्या दिवशी वाटले, की त्याने स्वतःच ओढून घेतले आहे, आता आपण कशाला मध्ये पडायचे. तिसऱ्या दिवशी मी तुझ्याशी इंजिन ऑइलच्या घट्टपणावरून भांडलो आणि तूही भांडलास, तेव्हा मला वाटले, सगळे पूर्ववत झाले. सात महिने मी रोज दहा वाजता येऊन बसत राहिलो. तुझा रागीटपणा, तुझा बहिरेपणा, तुझ्या पान्ह्यांची अव्यवस्था, या सर्वांवर मी बोललो. एका सांध्यावर बोललो नाही.

आता शोकसभेकडे परत येतो. शेवटी सूत्रसंचालकाने जाहीर केले की दत्तारामचे बालमित्र मास्तर दोन शब्द बोलतील. मी दोन शब्द बोललो नाही. मी पंचवीस मिनिटे बोललो. ‘अजातशत्रू’चे मी वाभाडे काढले. कानाची गोष्ट मी सप्रमाण खोडून काढली, उजवा कोणता आणि डावा कोणता हे हाताने दाखवून. एका वक्त्याने तू कधी रागावला नाहीस असे म्हटले होते. त्याला मी तू फेकलेल्या तीन पान्ह्यांची दिशा सांगितली, त्यांतला एक त्याच्याच गाडीच्या काचेला लागला होता. प्रशांत खाली मान घालून बसला. लोक कुजबुजले, की मास्तरांनी सभा नासवली. आणि मग मी खाली बसलो. टर्बोबद्दल मी अवाक्षर काढले नाही. त्या हॉलमध्ये जेवढे असत्य बोलले गेले ते सगळे मी दुरुस्त केले, एक सोडून. ते एक माझे होते. ज्या माणसांची मी वर एवढी टिंगल केली ती निदान अज्ञानी होती. मला सगळे माहीत होते.

बाहेर भिकू पिकअप घेऊन उभा होता. “चला मास्तर, सोडतो,” म्हणाला. मी चढलो. जगबुडी नदीच्या पुलावर आल्यावर मी सांगून टाकले. कसे सांगितले ते आठवत नाही. बहुधा रागावून सांगितले.

भिकूने गाडीचा वेगही कमी केला नाही. “माहीत आहे मला.”

“तुला कोणी सांगितलं?”

“कोणी कशाला? मी तिथंच होतो ना मास्तर! तुम्ही बोटानं लावत होतात, मला वाटलं, शिकलेला माणूस आहे, लावत असेल. तुमच्या करंगळीला संध्याकाळपर्यंत निळं होतं. चहा पिताना पाहिलं मी.”

“मग गप्प का बसलास? आज सभेत त्या पुतण्याने—”

“मिस्त्री म्हणाले होते ना. ‘कोणाजवळ बोलायचं नाय. मास्तराची पोरं सगळ्या जिल्ह्यात आहेत, त्याचं नाव खराब होईल.’” त्याने गिअर बदलला. “मोठा माणूस होता हो. तुम्हाला सांभाळून घेतलं.”

त्या रात्री मला झोप लागली नाही हे मी लिहिणार नाही, कारण ते प्रत्येक लेखात असते आणि माझ्या वयात झोप तशीही लागत नाही. पण ‘सांभाळून घेतलं’ हा शब्द मला सहन होईना. म्हणजे सात महिने, मी तुझ्याशी बरोबरीने भांडतो आहे असे समजत होतो, आणि तू मला दया दाखवत होतास? अंगणात पाय घसरलेल्या म्हाताऱ्याचा दंड धरावा तसा तू मला धरून चालवत होतास, आणि माझ्याच विद्यार्थ्यांसमोर माझी अब्रू राखत होतास, मला न विचारता? दत्ताराम, तुझ्या मृत्यूचे मला दुःख झाले होते; त्या रात्री मला तुझा प्रथमच खरा राग आला.

म्हणून सकाळी मी वहिनींकडे गेलो. त्या मागच्या पडवीत सुपाऱ्या सोलत होत्या. मी उभ्यानेच सांगितले.

“वहिनी, भिकूच्या गाडीची चूक दत्तारामची नव्हती. माझी होती.”

“होय,” त्या म्हणाल्या. “बसा.”

“तुम्हालाही माहीत होतं?”

“ह्या घरात कोणाला माहीत नव्हतं, ते विचारा. फक्त प्रशांतला नाय. त्याच्या पोटात काही राहत नाय म्हणून.”

“दत्तारामने मला सांभाळून घेतलं असं भिकू म्हणतो.”

वहिनींनी हातातली सुपारी खाली ठेवली आणि त्या हसल्या. तेरावा होऊन गेलेल्या घरात, दत्ताराम, तुझी बायको माझ्यावर हसली.

“सांभाळून? ह्यांनी? भावोजी, तुम्ही पन्नास वर्षं कोणाबरोबर बसत होतात? भिकूला गप्प बसवलं, कारण दुसऱ्या कोणी सांगून चालणार नव्हतं. तुम्ही सांगायला पाहिजे होतं. रोज संध्याकाळी हात धुताना पहिलं वाक्य काय, तर ‘मास्तर आजपण बोलला नाय.’ गणपतीला तुम्ही आलात ना? आत येऊन मला म्हणतात, ‘आज बोलतो बघ, देवासमोर आहे.’ तुम्ही चार मोदक खाल्लेत आणि उकड कशी घट्ट झाली ते सांगून गेलात.”

तेव्हा कुठे मी बसलो.

“मग त्याने स्वतः का नाही विचारलं?”

“मी बोलले तसं. म्हणाले, ‘मी विचारलं तर तो वाद घालील. आणि जिंकेलसुद्धा. मग काय उपयोग?’”

वहिनी पुन्हा सोलू लागल्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “आजारी पडले त्या दिवशी सकाळी पण गॅरेजात जायची घाई. तुमची खुर्ची फडक्यानं पुसून ठेवायचे रोज, तुम्ही यायच्या आधी. तुम्हाला वाटायचं, ती स्वच्छच असते.”

तेव्हा, दत्ताराम, भिकूचे म्हणणेही मी येथे खोडून काढतो. तू मला सांभाळून घेतले नाहीस. तू मला क्षमा केली नाहीस. तू फक्त तुझा हट्ट धरून बसला होतास, जसा आयुष्यभर धरत आलास. आणि माझे नाव तू वाचवलेस ते एवढ्याचसाठी, की ते खाली ठेवायचे झाले तर मी माझ्या हाताने ठेवावे. तुझ्या चांगुलपणाच्या ज्या गोष्टी आता गावभर होतील त्या सर्वांपेक्षा मला ही एक अधिक मानाची वाटते. दया तू इतरांना दाखवलीस. माझी तू वाट पाहिलीस.

वहिनींकडून मी सरळ गॅरेजात गेलो. प्रशांत दोन गिऱ्हाइकांना आपले नवे यंत्र दाखवत होता. मी त्यांच्यासमोर सांगितले: टर्बोचा सांधा मी बसवला, पेस्ट मी लावली, धार बारीक आहे हे तुझ्या काकाने ओळखले होते आणि मी त्याला फसवले. प्रशांत गडबडला. “जाऊ दे मास्तर,” म्हणाला, “आता काका तर गेले.” मी म्हणालो, म्हणूनच जाऊ देता येत नाही. मी त्याला सांगितले, की जिथे तू ते बोललास तिथे परत बोल. तो म्हणाला, तेवढी माणसे आता पुन्हा कशी गोळा होणार? यात मात्र तो बरोबर आहे. मेलेल्या माणसाची निंदा ऐकायला, मग ती कितीही गोड शब्दांत का असेना, तीनशे माणसे येतात. तिची दुरुस्ती ऐकायला कोणी खुर्च्या भाड्याने आणत नाही. म्हणून हा लेख.

तो छापून येईल तेव्हा माझे विद्यार्थी वाचतील. त्यांच्यापैकी कित्येकजण आजही, मी शिकवले म्हणून, तेलाच्या बारीक सांध्याला पेस्टचा हात देत असतील, आणि कुठे एखादा टर्बो घाटात मरत असेल, आणि कोणी निरपराध मिस्त्री त्याचा दोष घेत असेल. त्यांना हे माझे जाहीर सांगणे आहे: त्या बाबतीत मी तीस वर्षे चुकीचे शिकवले. दत्ताराम मिस्त्री, जो सातवीनंतर शाळेत गेला नाही, तो बरोबर सांगत होता. ज्यांना हे वाचून माझ्यावर हसायचे असेल त्यांनी हसावे. त्यांची मते मी पूर्वीही विचारली नव्हती.

आणि तुला एवढेच. काल दहा वाजता मी गॅरेजात गेलो होतो. खुर्चीवर धूळ होती. मी ती माझ्या रुमालाने पुसली, बसलो, आणि आपल्या त्या जुन्या वादातला माझा प्रत्येक मुद्दा पुन्हा मनात मांडून पाहिला. एकही उभा राहिला नाही. चाळीस वर्षांत प्रथमच मी पूर्ण हरलो आहे, दत्ताराम, मोठ्याने मान्य करायला तयार आहे, आणि तू जागेवर नाहीस. तुझ्या बाकीच्या सगळ्या दोषांची मला सवय झाली होती. याला मात्र माझ्याकडून क्षमा नाही.